पेनॉकची दोन गिऱ्हाइकं

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच होमरन मारला, आणि तो मी लग्नाच्या आधीपासून ऐकत आले आहे.

शाळेचं शेवटचं वर्ष, मे महिना, बेसबॉलचा सामना, समोर कॅथलिक शाळेचा संघ आणि चेंडू टाकायला डावखुरा लाइल पेनॉक. व्हर्नने बॅट फिरवली आणि चेंडू कुंपण ओलांडून मालगाडीच्या रुळांवर जाऊन पडला. एवढीच गोष्ट. पण हा पेनॉक पुढे मोठ्या लीगमध्ये गेला. तिथे जेमतेम दोन मोसम टिकला, मग त्याचा खांदा गेला आणि पेपरात येणारं नावही गेलं. तरी एकदा का होईना तो मोठ्या लीगमध्ये गेला होता, आणि त्याच्यामुळे व्हर्नचा होमरनही मोठा झाला. नळ्यांच्या कारखान्यात असताना जेवणाच्या सुट्टीत, कारखाना बंद पडल्यावर टाउनशिपच्या बर्फ काढायच्या ट्रकवर, मुलीच्या लग्नात तिच्या सासऱ्यांना, सगळीकडे ती गोष्ट सांगून झाली होती. मी शेजारी बसून विणत असायचे. कुठे थांबतो, कुठे आवाज खाली आणतो, सगळं मला पाठ.

त्या पेनॉकची कार्डं तो जमवायचा. पूर्वी च्युइंगगमच्या पाकिटातून निघायची ती बेसबॉलची कार्डं. पुढे खेळाडूचा फोटो, मागे उंची, वजन आणि आकडे. बाकी लोक नामांकित खेळाडूंच्या मागे असतात. व्हर्न या एकाच माणसाच्या मागे. पेनॉकची कार्डंही मोजकीच निघाली. त्यातल्या एकावर तर तीन नवख्यांची चिमुकली तोंडं आहेत, त्यात हा मधला. मग एकाच कार्डाच्या प्रतींवर प्रती. आमच्या तळघरात एक भिंत सगळी तोच तोच माणूस. आमची मुलगी लहानपणी खाली जायला घाबरायची.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या गावच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार भरतो. लांब टेबलं मांडतात, आसपासच्या गावांतले विकणारे पेट्या उघडून बसतात, घेणारे वाकून वाकून बोटांनी कार्डं चाळत जातात. मी आणि डोरिस स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून कॉफी आणि होलुबकी विकतो. होलुबकी म्हणजे कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळून टोमॅटोत शिजवतात ते. त्यातून बंबाला नवे पाइप येतात.

गेली काही वर्षं व्हर्नचा एक शत्रू होता. कॉम्प्युटरवर जुन्या कार्डांचे लिलाव होतात, तिथे पेनॉकचं कार्ड आलं की ‘पूडल’ नावाचं कोणीतरी व्हर्नच्या वर बोली लावायचं. एरवी पेनॉकचं कार्ड कोणी फुकट दिलं तर लोक दाराला टेकण म्हणून वापरतील. पण पूडल सोडायचा नाही. व्हर्न रात्री जेवताना त्याच्याबद्दल बोलायचा. कॅलिफोर्नियातला दातांचा डॉक्टर असणार, पैसा फार झालाय, म्हणून गरिबाच्या मागे लागलाय, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. दातांचा डॉक्टरच का, ते मी कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरचा बाजार होता. चेट लुंडी हा आमच्याकडचा जुना विक्रेता, दाराजवळ बसतो. त्याने आदल्या आठवड्यात फोनवर सांगितलं होतं की कोणाच्या तरी घरच्या पेटाऱ्यात पावाच्या पुड्यातून निघालेलं पेनॉकचं कार्ड सापडलंय. पेनॉक छोट्या लीगमध्ये असताना तिथल्या एका बेकरीने पावाबरोबर कार्डं वाटली होती. लोणी लागलेली, दुमडलेली, बहुतेक कचऱ्यात गेली. व्हर्नने ते कार्ड फक्त एकदा फोटोत पाहिलं होतं. बाजाराच्या दिवशी त्याला उशीर झाला तो माझ्यामुळे. होलुबकीचं मोठं पातेलं मला एकटीला उचलत नव्हतं.

पातेलं ठेवून तो चेटच्या टेबलाकडे गेला, आणि थबकला. एक बाई तिथे उभी होती. पंचेचाळिशीची, आखूड केस, काळ्या कोटावर पांढऱ्या केसांचा थर. कार्ड तिच्या हातात होतं.

खिडकी तिथून जवळच आहे. मला सगळं ऐकू येत होतं.

“ते कार्ड माझं आहे,” व्हर्न म्हणाला.

“अजून तरी ह्यांचं आहे,” बाईने चेटकडे मान वळवली.

“चेटने माझ्यासाठी ठेवलं होतं.”

“ठेवलं नव्हतं रे बाबा,” चेट म्हणाला. “आलंय एवढंच सांगितलं होतं. तू दार उघडताना येतोस नेहमी. आज कुठे मेला होतास?”

व्हर्नने टोपी मागे सरकवली. तो चिडला की असं करतो. “हे बघा बाई, तुम्हाला दुसरं काहीही मिळेल इथे. तो कोण होता हे तरी माहीत आहे का तुम्हाला?”

“थोडंफार,” ती म्हणाली.

“थोडंफार. मी त्याची कार्डं जमवतोय तेव्हा तुम्ही शाळेतही नसाल. सगळी असती माझ्याकडे. पण एक नालायक माणूस आहे, पूडल म्हणून. त्याच्या खिशात पैसा मावत नाही, म्हणून...”

“पूडल म्हणजे मी,” बाई म्हणाली.

चेटने हातातली कॉफी खाली ठेवली.

“माझं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आहे,” ती पुढे म्हणाली. “कॅन्टनला. खिशात पैसा वगैरे काही नाही. आणि लिलावातले ‘कुंपणापलीकडे’ ते तुम्हीच, बरोबर? मी तुम्हाला काय काय शिव्या घातल्यात ते ह्या सभ्य लोकांत सांगता यायचं नाही. मला वाटायचं कोणी दलाल आहे, भाव चढवायला साठा करून बसलाय.”

“पेनॉकचा भाव?” चेट म्हणाला. “कोण चढवणार?”

त्यावर व्हर्नला हसू आलं असावं, पण त्याने ते दाबलं. “मग तुम्हाला कशाला पाहिजे तो? कोण लागतो तुमचा?”

“वडील.”

व्हर्नने टोपी काढली. चर्चमध्ये काढतो तशी, दोन्ही हातांनी. मग काय करायचं ते न सुचून ती पुन्हा घातली.

मी डोरिसला म्हटलं, “जरा बघ इकडचं,” आणि दोन ताटल्या भरून बाहेर आले. “बसा आधी,” मी त्या बाईला म्हटलं. “हा उभ्याने नीट बोलत नाही कोणाशी.”

तिचं नाव ग्वेन. चेटला पैसे देऊन ती कार्ड घेऊन आमच्या टेबलाशी बसली. व्हर्नची नजर कार्डावरून हटत नव्हती. ते तिने मधोमध ठेवलं, मिठाच्या बाटलीला टेकून, दोघांनाही दिसेल असं. मला ती तिथेच आवडली.

ती खात खात सांगत गेली. वडील घर सोडून गेले तेव्हा ती इतकी लहान होती की तिला काहीच आठवत नाही. ती शाळेत जायला लागल्यावर ते ओक्लाहोमात ट्रकच्या अपघातात गेले. आईने दुसरं लग्न केलं. “सावत्र वडील फार चांगले. म्हणून तर आईने माझ्या ह्या वडिलांचा एकही फोटो ठेवला नाही. रागाने नाही हो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मग मीही कधी विचारलं नाही, त्याच कारणाने.”

“मग हे कार्डांचं कधी?” मी विचारलं.

“एक म्हातारे गृहस्थ त्यांचं स्पॅनिएल घेऊन यायचे. त्यांना कोणाकडून तरी माझं मूळ आडनाव कळलं. एक दिवस कार्ड आणून काउंटरवर ठेवलं. तेव्हा मी पहिल्यांदा वडिलांचा चेहरा बघितला. कुत्रा ओला, मी ओली, आणि हे असे हसतायत.” तिने कार्डाकडे बोट दाखवलं. “मागे लिहिलेलं, उंची अमुक, वजन तमुक, डावखुरा. एवढीच माहिती मला आहे. मग दिसेल तिथे घ्यायला लागले. सगळ्यांची उरलीसुरली कार्डं असतात ना, त्या डब्यात ते पडलेले मला बघवत नाहीत.”

व्हर्न ताटलीत काटा फिरवत होता.

“तुम्ही का जमवता?” तिने विचारलं. “तुम्ही पाहिलं होतं त्यांना?”

मला वाटलं, झालं, आता सुरू. आणि खरंच सुरू झालं. पण तो नेहमीसारखा रंगला नाही. जरा घाईने सांगितलं. मे महिना, वारा नव्हता, चेंडू आतल्या बाजूला, अंगाजवळ आला, बॅटला लागल्याचं हाताला कळलंही नाही, रूळ. ग्वेन खाणं थांबवून ऐकत होती. त्याचं संपलं तरी ती ऐकतच होती.

“मग?” ती म्हणाली.

“मग काय? मी चक्कर मारून आलो.”

“ते काय म्हणाले?”

“काही नाही.”

“चेहरा कसा झाला त्यांचा? चिडले? हसले?”

व्हर्नने काटा खाली ठेवला. “मी चेंडूकडे बघत होतो,” तो म्हणाला.

इतकी वर्षं ही गोष्ट इतक्या लोकांनी ऐकली, मीही ऐकली. पेनॉकचा चेहरा कसा झाला हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. व्हर्नच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“असू दे हो,” ग्वेन म्हणाली. “मी आपलं विचारलं.” तिने कार्ड उचलून पिशवीत ठेवलं, मला जेवण छान झालं म्हणाली आणि कोटाची बटणं लावायला लागली. तिला घाई नव्हती. थांबायला काही कारण उरलं नव्हतं, इतकंच.

व्हर्न एकदम म्हणाला, “ऑगी डिसालो आहे अजून.”

“कोण?”

“त्यांचा कॅचर. शाळेत चारही वर्षं तुझ्या वडिलांचा प्रत्येक चेंडू त्याने झेललाय. आमच्या हॉस्पिटलमागे म्हाताऱ्यांचं घर आहे, तिथे असतो. साखरेने पाय गेला त्याचा. त्याला माहीत असेल. चेहराबिहरा.” मग माझ्याकडे बघून, “ट्रूडी, तू येतेस ना?”

मी येणारच होते. अनोळखी बाईला घेऊन हा आजारी माणसाच्या दारात जाऊन उभा राहणार, आणि बोलणार कोण?

व्हर्नच्या पिकअपमध्ये पुढे एकच लांब सीट. मी मधे बसले, गिअर गुडघ्याला लावून.

ऑगी खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. भला थोरला देह, भुवया इतक्या वाढलेल्या की डोळे त्यांच्या आडून बघत होते. टीव्हीवर फुटबॉल चालू होतं, आवाज बंद.

“ऑगी, मी व्हर्न कोचिस,” व्हर्न म्हणाला. “टाउनशिपच्या शाळेतला.”

“बर्फ काढणारा कोचिस? माझ्याच दारात ढीग लावायचास तू. सगळा रस्ता सोडून.”

“रस्ता तिथे वळतो, ऑगी.”

“वळतो म्हणे. ह्या दोघी कोण?”

“ही माझी बायको. आणि ही लाइल पेनॉकची मुलगी.”

ऑगीने टीव्ही बंद केला. मग खुर्चीची चाकं स्वतःच्या हाताने फिरवून ग्वेनच्या अगदी समोर आला आणि बराच वेळ बघत राहिला.

“नाक त्याचंच आलंय तुला,” तो म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नकोस.”

ग्वेन हसली आणि तिने पिशवीतून कार्ड काढून त्याला दिलं. त्याने पहिली गोष्ट काय केली, तर वरचं प्लॅस्टिकचं कवच काढून मांडीवर टाकलं आणि कार्ड उघड्या बोटांत धरलं. व्हर्नच्या घशातून आवाज आला. मी त्याचा कोपर दाबला.

“टोपी मोठी व्हायची त्याला,” ऑगी म्हणाला. “आत वर्तमानपत्र घालायचा. डोकं हे एवढुसं. पण हट्ट बघ. कोणता चेंडू टाक म्हणून मी एक खूण करायचो, हा मान हलवायचा, नाही. दुसरी केली, नाही. शेवटी पहिलीच करायची, मग हो. सामन्याच्या दिवशी बोलायचा नाही कोणाशी. परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचा, तोंड उघडं, सगळी लाळ माझ्या शर्टावर. माझा एक चांगला कोट नेला, तो शेवटपर्यंत दिला नाही. कुत्र्यांना घाबरायचा.”

“कुत्र्यांना?” ग्वेन म्हणाली.

“हे एवढं पिल्लू असलं तरी रस्ता बदलायचा.”

ग्वेनने आपल्या कोटाच्या बाहीकडे बघितलं आणि ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. ऑगीला कारण कळलं नाही, पण तोही हसला.

मग ती शांत झाली आणि तिने विचारलं, “चांगले होते का ते?”

“कोणासाठी?”

ऑगीने कार्ड गुडघ्यावर ठेवलं. त्याचा एकच गुडघा होता.

“मी खोटं बोलणार नाही, पोरी. खांदा गेला, तो गावात परत आला, आणि ज्याने ज्याने त्याला चेंडू टाकताना बघितलं होतं त्याच्यासमोर त्याला उभं राहवेना. आता ह्या गावात दुसरं कोण होतं? सगळ्यांनीच बघितलं होतं. तुझ्या आईनेही. म्हणून गेला. मला ते पटलं नाही, तेव्हाही नाही. तोंडावर सांगितलं मी त्याला.” तो थांबला. “जायच्या थोडं आधी तुला घेऊन माझ्या पेट्रोल पंपावर आला होता. तुला उचलून काउंटरवर बसवलं, नारिंगी सरबताची बाटली घेऊन दिली. ती तू माझ्या सगळ्या पावत्यांवर ओतलीस. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तो माझ्यावरच ओरडला. म्हणाला, मूल बसलंय आणि कागद तिथे ठेवतोस, अक्कल आहे का?”

“मला नाही आठवत,” ग्वेन म्हणाली.

“कशी आठवेल. केवढी होतीस तू.”

व्हर्नला असं अवघडून बसणं सहन होत नाही. त्याने त्याच्याजवळ होती ती एकच गोष्ट काढली. “मी त्याला एक होमरन मारला होता, ऑगी. शेवटच्या वर्षी. मालगाडीच्या रुळांवर गेला, आठवतं?”

ऑगीच्या भुवया वर गेल्या. “तो गाढव तू होतास?”

“म्हणजे?”

“अरे, त्या दिवशी आम्ही दहा-बारा धावांनी पुढे होतो. शेवटची इनिंग. तू सगळा दिवस हवा झोडत होतास. मी लाइलकडे गेलो, म्हटलं, संपव लवकर, भूक लागलीय. तर तो कुंपणाकडे बघतोय. म्हणाला, ती पांढऱ्या कोटातली बाई दिसते का? हा पोरगा बॅट घेऊन आला की दर वेळी उठून उभी राहते, टाळ्या वाजवते, आणि हा बाद झाला की बसते. ह्याला एक देऊ या. मी म्हटलं, वेडा का? म्हणाला, मधोमध, हळू, एक साधा फटका मारू दे, पहिल्या बेसवर पोचला की झालं. तिला एकदा उभं राहू दे नीट.” ऑगीने खुर्चीच्या हातावर थाप मारली. “आणि हा म्हसोबा तो पार रुळांवर घालवतो. लाइल बसमध्ये माझ्याशी बोलला नाही. म्हणे, तू मला थांबवायला हवं होतंस.”

तो खूप हसला, आणि मग एकटाच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं.

मी व्हर्नकडे बघितलं नाही. बघायचं धैर्य झालं नाही. माणसाजवळ सांगण्यासारखं एक काहीतरी असतं, आणि ते असं दुसऱ्याच्या हातून खाली पडताना बायकोने बघू नये. मी ग्वेनकडे बघितलं. ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती, हात मांडीवर, आणि तिचा चेहरा असा झाला होता की जणू कोणी तिला हाक मारली आहे आणि ती आवाज कुठून आला ते शोधतेय. ती ज्यासाठी आली होती ते तिला मिळालं होतं. मग तिला कळलं ते कोणाच्या खिशातून निघालं, आणि ती व्हर्नकडे वळली.

“मिस्टर कोचिस, मला...”

“पांढरा कोट?” व्हर्नने ऑगीला विचारलं. त्याने तिचं ऐकलंच नव्हतं.

“पांढरा. नर्स घालतात तसा.”

“लाँड्रीतला. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती, कामाची पाळी संपवून थेट यायची.” व्हर्न भिंतीकडे बघत बोलत होता. “आई म्हणायची, मी पाहिला तुझा होमरन. मला कधी खरं वाटलं नाही. मला वाटायचं, ती पोचेपर्यंत सामना संपला असणार. आई आहे म्हणून म्हणते.”

“होती ती,” ऑगी आता हळू आवाजात म्हणाला. “चेंडू गेला तेव्हा तिने कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून हलवली. लाइलने मला दाखवलं.”

व्हर्नने नाक पुसलं आणि ग्वेनला म्हणाला, “घे. असा होता तो. दिसलं का?”

“दिसलं,” ती म्हणाली.

निघताना ऑगी कार्ड परत द्यायला लागला, पण ते त्याच्या बोटांतून लवकर सुटत नव्हतं. ग्वेनने ते पाहिलं आणि म्हणाली की राहू दे तुमच्याकडे. त्याने ते पाण्याच्या जगला टेकवून ठेवलं, कवचाशिवाय. व्हर्न दारात एकदा मागे वळला, मी त्याला पुढे ढकललं.

घरी आल्यावर तो तळघरात गेला. मी कॉफी घेऊन खाली गेले तर दिवा न लावता बसलेला, पायऱ्यांवरून येणाऱ्या उजेडात, त्या भिंतीसमोर.

“सांगायला काही उरलं नाही, ट्रूडी,” तो म्हणाला.

“गेला ना पण पलीकडे?”

“सोपा चेंडू होता.”

“सोपे चेंडू सगळ्यांनाच येतात कधीतरी. सगळे कुठे रुळांवर घालवतात?”

त्याने मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. पटावं असंही नव्हतं. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. सासूबाईंबद्दल थोडं बोललो आम्ही. त्यांच्या हातांना कायम ब्लीचचा वास यायचा, ते.

त्या हिवाळ्यात त्याने ती गोष्ट कोणालाच सांगितली नाही. ख्रिसमसला मुलीचे सासरे मुद्दाम म्हणाले, व्हर्न, होऊन जाऊ दे तुझा होमरन. तो म्हणाला, राहू दे, बटाटे इकडे दे. इतकी वर्षं मी त्या गोष्टीला वैतागले होते. आता ती नव्हती तर टेबलावर काहीतरी वाढायचं राहिल्यासारखं वाटत होतं.

ग्वेन मात्र सुटली नाही आमच्या हातून. एक रविवार सोडून एक रविवार ती कॅन्टनहून गाडी काढून ऑगीकडे यायची, आणि तिथून आमच्याकडे जेवायला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिने दुकानातली कात्री आणून ऑगीच्या भुवया कापल्या. ऑगी म्हणाला, आता मला कळलं लाइल कुत्र्यांना नाही, तुला घाबरला असणार. तिला तो विनोद चालला. दुसऱ्या कोणाकडून चालला नसता. लिलावात पेनॉक आला की आता दोघं एकमेकांना फोन करतात, ह्या वेळी तू घे, नाही तू घे. चेट म्हणतो, तुम्ही दोघांनी भांडणं सोडल्यापासून पेनॉकचा होता नव्हता तोही भाव गेला.

एप्रिलमध्ये मोसमाचा पहिला सामना ऑगीच्या खोलीत बघायचं ठरलं. मी होलुबकी नेली. पाऊस आला आणि खेळ थांबला, टीव्हीवर नुसती मैदानावर पसरलेली ताडपत्री. ग्वेन ऑगीच्या पलंगाच्या कडेला बसली होती. ती म्हणाली, “व्हर्न, ती गोष्ट सांगा ना.”

“तुला माहीत आहे ती.”

“तुमच्या तोंडून सबंध कुठे ऐकलीय मी? त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही घाईत होता.”

व्हर्न त्या ताडपत्रीकडे बघत राहिला. मला वाटलं नाही सांगणार. मग त्याने ताटली बाजूला ठेवली.

“माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती,” तो म्हणाला.

मी विणकाम खाली ठेवलं. ही सुरुवात मी कधी ऐकली नव्हती. तो सावकाश सांगत गेला. आईचा पांढरा कोट, तिची कामाची पाळी, ती मागच्या फाटकातून यायची कशी. मग पेनॉक, मोठी टोपी, वर्तमानपत्र. मग दोघांचं मैदानाच्या मध्ये बोलणं, जे त्याने तिकडून नुसतं बघितलं होतं आणि आता त्याला ऐकूही येत होतं. कुठे थांबणार, आवाज कुठे खाली आणणार, मला काहीच माहीत नव्हतं. चेंडू आला, हळू, मधोमध.

“आतल्या बाजूला,” ऑगी म्हणाला.

“तूच म्हणालास मधोमध.”

“मी मधोमध मागितला होता. त्याने आतल्या बाजूला टाकला. तो कधी ऐकायचा माझं? आणि वारा होता मागून.”

“वारा अजिबात नव्हता, ऑगी.”

“मी कॅचर होतो. माझ्या पाठीला कळत होता वारा.”

“झेंडा बघितला होता मी, लोंबत होता नुसता.”

“झेंडा ओला होता.”

“मे महिन्यात कशाने ओला?”

ग्वेनने माझ्याकडे बघून मानेने खूण केली. आम्ही दोघी कॉफी आणायला बाहेर पडलो. लिफ्टपर्यंत त्यांचे आवाज येत होते, आणि कोणीच माघार घेत नव्हतं.